नाव आलं, अक्का म्हणाली

नरसूअक्का कुठलाही टॉवेल हातात घेतला की आधी उलटा करायची. "सुलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची असती," ती म्हणायची, "उलट्या बाजूला शिवणारी कळती." टीप वाकडी गेली असली, दोरा लोंबत असला, की तो टॉवेल ती एक शब्द न बोलता शिवणारीच्या मांडीवर टाकायची. माणसांच्या बाबतीतही तिची हीच रीत होती.

आमचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. पुढच्या शेडमध्ये माग चालतात, मागच्या हॉलमध्ये आम्ही बायका बसतो. मागावरून टॉवेलांचे लांब पट्टे येतात, ते कापून काठ दुमडायचे आणि टीप मारायची, हे आमचं काम. त्या हॉलची मुख्य नरसूअक्का. खरं नाव नरसम्मा. घरात तेलुगू, हॉलमध्ये मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. साठीच्या पुढची, बारीक अंगाची, पाठ ताठ, कपाळ मोकळं. तिचा नवरा मागावर काम करत असतानाच वारला होता, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती.

संशय हा तिचा स्वभाव नव्हता, कामच होतं म्हणा ना. एकदा गेटवरचा चहावाला बदलला. नवा माणूस किटली घेऊन आला तर अक्कानं कप हातात घेतला आणि तसाच धरून बसली. आम्ही प्यायलो. चहा निवून साय धरली तरी ती पिईना. आमच्यातली मंगल म्हणाली, "अक्का, घ्या की, गार झाला."

"घेते. तुमी जिवंत ऱ्हाताय का बघते आधी."

मंगल म्हणाली, "आणि आमी मेलो तर?"

"तर मी सांगीन की चहावाल्याचं नाव. सांगायला एक तरी मागं नको व्हय?"

नवीन बाई हॉलमध्ये आली की अक्का तिला तीन प्रश्न विचारायची. गाव कुटलं? कुणाच्या घरची? हितं कोण हाय तुझं? हेच तीन प्रश्न ती चार दिवसांनी परत विचारायची आणि महिन्यानं परत. उत्तर बदललं तर ती बाई तिच्या मनातून उतरली.

मी आले तेव्हा माझी तीन उत्तरं तीन वेळा सारखीच आली, तरी तिचा विश्वास बसला नाही. मी केमजवळच्या खेड्यातली. नवरा मागावर लागला म्हणून सोलापुरात आले. मला चारचौघांत बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. अक्काला वाटलं, ही बोलत नाही म्हणजे ऐकायलाच ठेवलीय. शेठचं माणूस. मी जवळ गेले की ती तेलुगूत बोलायला लागायची. मग एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. काल शेठच्या डब्यातला पेढा मी खाल्ला." मी मान हलवली. आठ दिवस गेले. शेठकडून काही आलं नाही. तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ही मुकी चांगली हाय. पेढ्याचं पोटात ठेवलं हिनं." पेढा तिनं खाल्लाच नव्हता. अशी खोटी बातमी पेरून ती माणूस पारखायची. त्या दिवसापासून माझं नाव मुकी पडलं आणि माझं मशीन तिच्या टेबलाजवळ आलं.

तिचं दुसरं काम उखाण्यांचं. ती शिकलेली नव्हती, पण गाणं तिच्या तोंडात आपोआप जुळायचं. एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांतल्या बायका लग्न, डोहाळेजेवण असलं की तिच्याकडे यायच्या. अक्का उखाणा करायच्या आधी नवऱ्याची चौकशी करायची. "खरा कसा हाय त्यो सांग. चांगला हाय असं सांगू नगंस, ते सगळ्याच सांगत्यात." मंगलला तिनं करून दिलेला उखाणा मला अजून पाठ आहे.

भाकरीला पदर सुटला, आमटीला आली उकळी,
दत्तूरावांच्या हातात फोन, चुलीपुढं मी एकली.

हे मंगलनं सासूपुढं म्हटलं आणि घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. पण फोन थोडा कमी झाला म्हणे.

अक्काला लिहिता येत नसल्यामुळं ती मला म्हणाली, "मुके, तू चौथी शिकलीस. वही आण." मग ती सांगायची आणि मी लिहायची. लिहून झालं की म्हणायची, "वाच." मी वाचायची. दुसऱ्या दिवशी परत, "कालचं वाच." आठवड्यानं परत. सुरुवातीला मला वाटायचं तिला ऐकायची हौस आहे. नंतर कळलं, कागदावरचे शब्द रात्रीतून बदलत नाहीत ना, ते ती तपासत होती. महिनाभर तेच शब्द निघाले तेव्हा म्हणाली, "बरं. कागद इमानदार हाय. तुझं बगू."

हळदीकुंकू हा तिच्या मोठेपणाचा दिवस. संक्रांतीनंतर आमच्या हॉलमध्ये दरवर्षी करतात. मशीनं बाजूला सरकवायची, सतरंजी घालायची, प्रत्येक सवाष्णीनं नाव घ्यायचं, मग तिला वाण. अक्का विधवा, तिनं त्यात बसायचं नाही अशी रीत. पण तिच्याशिवाय उखाणे कसे व्हायचे? म्हणून ती दाराजवळच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसायची, सतरंजीच्या बाहेर. बाईनं उखाणा म्हटला की सगळ्यांनी अक्काकडे बघायचं. नाव नीट, स्पष्ट आलं असलं तर अक्का म्हणायची, "आलं." मगच वाण. लाजून कुणी नाव गिळलं तर म्हणायची, "न्हाई आलं. परत." हा तिचा हक्क कुणी दिला हे कुणाला आठवत नव्हतं. शेठच्या सुनेलाही तिनं एकदा परत नाव घ्यायला लावलं होतं.

आता शेफालीचं सांगते.

ती आली त्या वर्षी आमच्याकडचं वारंच बदललं होतं. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर कागद चिकटवले होते, बाहेरून आलेले लोक ओळखा, कळवा. बायकांच्या फोनवर रोज काहीतरी यायचं. अमक्या गावात पोरं पळवली, तमक्या शहरात सीमेपलीकडचे लोक खोटे कागद करून राहतात. जेवणाच्या सुट्टीत बायका ते एकमेकींना दाखवायच्या आणि डबे जवळ ओढून बसायच्या. अक्काकडे तसला फोन नव्हता. ती ऐकायची आणि म्हणायची, "मी तर आदीपासनंच सांगतीय."

शेफाली बंगाली. नवरा मागावर, त्याला सगळे बाबू म्हणायचे. खरं नाव सुपरवायझरच्या रजिस्टरमध्ये असेल, आम्हाला माहीत नव्हतं. शेफाली हे नाव कुणाचंही असू शकतं, हिंदूचं किंवा मुसलमानाचं. हातात बांगड्या नव्हत्या, मशीनमध्ये अडकतात म्हणायची. कपाळाला टिकली होती, पण ती मंगलनंच दिली होती. बायकांना एवढंच हवं होतं, ही कोण? ते कळलं की त्या बाजूची का ह्या बाजूची ते आपण ठरवू, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

अक्कानं तिला तिचे तीन प्रश्न विचारले. पहिल्यांदा शेफालीनं एका गावाचं नाव सांगितलं. चार दिवसांनी दुसरं. महिन्यानं म्हणाली, "नदी के पास." अक्कानं माझ्याकडे बघितलं. "तीनदा इचारलं, तीन गावं. उलटी बाजू दिसली."

त्याच आठवड्यात एका जेवणाच्या सुट्टीत अक्का भिंतीला टेकून म्हणाली, "मुके, लिही."

चादरीला चार कोपरे, चारी कोपऱ्यांना शिवण,
आलं कोण, गेलं कोण, दारात ठेवा राखण.
बिनओळखीच्या पाहुण्याला कशाला घालता जेवण,
आज मागंल ओसरी, उद्या मागंल अंगण.

बायका हसल्या. शेफाली चार हातांवर बसून वरण-भात खात होती. तिला मराठी किती कळत होतं देव जाणे. तीही थोडी हसली, सगळे हसले म्हणून.

ते गाणं बाहेर कसं गेलं ते सरळ आहे. आमच्या भागात एक कार्यकर्ता होता, गळ्यात रुमाल, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याची बायको आमच्या इथं पॅकिंगला. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. तिनं घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दादा हॉलच्या दारात उभा. "अक्का, आमाला पण ऐकवा की." अक्कानं त्यालाही आधी तीन प्रश्न विचारले. तो हसत हसत उत्तरं देत गेला आणि अक्का फसली. नाही, फसली म्हणता येणार नाही. तिला म्हणायचंच होतं. तो फोन समोर धरून उभा राहिला आणि तिनं खणखणीत आवाजात चारी ओळी म्हटल्या.

चार दिवसांत ते गाणं सगळीकडे झालं. रिक्षात, पानपट्टीवर, मागाच्या शेडमध्ये. मागून ढोलकी लावली होती. अक्का माझ्याजवळ येऊन म्हणायची, "लाव की गं." मी माझ्या फोनवर लावायची. ती डोळे मिटून ऐकायची. "माझा आवाज असा हाय व्हय? मला वाटायचं बारीक हाय." आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं गुंफली. स्वतःच्या आवाजात तिचं स्वतःचं असं पहिल्यांदाच काहीतरी बाहेर गेलं होतं. तिचा आनंद मी बघितला आहे, म्हणून मला तिला नुसतं वाईट म्हणता येत नाही.

मग एका सोमवारी बाबू कामावर आला तो भुवई फुटून आलेला. चहाच्या गाड्यावर चार जणांनी त्याला घेरलं, फोनवर अक्काचं गाणं लावलं आणि म्हणाले, हे पाठ म्हणून दाखव. त्याला येईना. मग मारलं. हे मागावरच्या लोकांनी सांगितलं. शेफाली मशीनवर बसली आणि काठ दुमडत राहिली. दुपारी उठून अक्काच्या टेबलाजवळ गेली.

"अक्का, वो गाना तुम बनाया?"

अक्कानं टॉवेल खाली ठेवला. "व्हय."

"अच्छा बनाया," शेफाली म्हणाली आणि परत जागेवर जाऊन बसली.

अक्का दोन दिवस मला विचारत राहिली, "मुके, ती खरंच चांगलं म्हणली का टोचून म्हणली?" तिसऱ्या दिवशी तिनं विचारायचं सोडलं. फोन लाव म्हणायचंही सोडलं. पण शेफालीवरचा संशय गेला असं नाही. उलट ती तिच्याकडे जास्तच बघायला लागली. तिच्या शिवणीत आता ती तासन् तास खोट शोधायची आणि सापडायची नाही.

मला शेफालीनं एकदाच थोडंसं सांगितलं. मी बोलत नाही म्हणून लोक मला सांगतात. त्यांचं गाव नदीकाठी. पुरात काठ ढासळला, घर गेलं. मागं सरकून नवं बांधलं, तेही गेलं. तिसरं गेलं तेव्हा गावच उरलं नाही. "कौन सा गाँव बोलूँ, दीदी?" ती म्हणाली. मी हे अक्काला सांगितलं. अक्का हातातला टॉवेल उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "असंल बी. नसंल बी. तू नदी बगितलीस व्हय?"

मी नव्हती बघितली.

हळदीकुंकवाच्या आधी दोन दिवस बायकांत कुजबुज सुरू झाली. ह्या वेळी शेफालीला नाव घ्यायला लावायचं. नवऱ्याचं नाव तर घ्यावंच लागेल, आणि अक्का बसलीय दारात, गिळून चालणार नाही. म्हणजे कागद न मागता कळेल. ही युक्ती कुणाची, मला माहीत नाही. वहिनीची असेल. अक्काला ती माहीत होती एवढं नक्की, कारण मंगलनं तिला माझ्यासमोर सांगितलं आणि अक्का म्हणाली, "बरंय. घेऊ दे."

शेफालीला कुणीतरी आधी सांगितलं असावं, म्हणून ती त्या दिवशी येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आली. धुतलेली साडी नेसून आली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. एकेक नाव घेऊन झालं. अक्का गठ्ठ्यावरून "आलं, आलं" म्हणत होती. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखं पुटपुटले आणि अक्कानं नेहमीसारखं मला सोडून दिलं. मग वहिनी गोड आवाजात म्हणाली, "आता शेफालीचं नाव होऊ दे."

पुढचे माग चालू होते तेवढाच आवाज. वहिनीचा फोन वर आला. अजून दोन-तीन फोन वर आले. मीही मान पुढं केली होती. ते मला अजून आठवतं, की माझी मान पुढं गेली होती.

शेफाली खाली बघत होती. मग तिनं डोकं वर केलं आणि तिच्या भाषेत म्हणायला लागली. ते चालीत होतं, पण गाणं नव्हतं, सावकाश, जड, एकेक ओळ ठेवल्यासारखी. आपला उखाणा दोन ओळींचा असतो, तिचं थांबेना. त्यात नदी होती असं मला वाटलं, तो एक शब्द मी ओळखला. बाकी काही कळलं नाही. सगळ्या बायका कान टवकारून त्यात नाव शोधत होत्या. एखादा शब्द नावासारखा वाटायचा, तोवर पुढचा यायचा. कुणी हसलं नाही. ती थांबली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

वहिनी म्हणाली, "छान. पण नाव कुटं आलं? नाव न्हाई आलं. परत घे गं, मराठीत."

"व्हय व्हय, परत," दोघी-तिघी म्हणाल्या.

आणि सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

अक्का गठ्ठ्यावर तशीच बसलेली. हात मांडीवर. तिनं शेफालीकडे बघितलं नाही, वहिनीकडे बघितलं.

"आलं," ती म्हणाली.

"आलं? कुटं आलं अक्का?"

"तिसऱ्या ओळीत आलं. मी ऐकलं. वाण द्या तिला."

वहिनी फोन तसाच धरून म्हणाली, "काय नाव आलं मग, सांगा की."

अक्का उठून उभी राहिली. "दुसरीच्या नवऱ्याचं नाव मी घेऊ व्हय? बिनलाजे. माझ्या स्वतःच्याचं घेत न्हाई मी इतक्या वर्षांत. वाण दे तिला, आणि तो फोन खाली ठेव."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. शेफालीला वाण मिळालं. ती ते पदराखाली धरून बसली, उघडून बघितलंही नाही.

अक्काला बंगाली एक अक्षर येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्काला आणि मला ऑफिसात बोलावलं. मला, कारण मी शेफालीच्या शेजारी बसले होते. मॅनेजर टेबलामागं, दादा बाजूच्या खुर्चीवर. दादा हसूनच बोलत होता.

"अक्का, तुमच्या गाण्यानं आमी लोकांना जागं केलं. आता तुमीच असं करायला लागलात तर कसं?"

"ते गाणं पुसा," अक्का म्हणाली.

"आता कसं पुसणार? ते आता तुमचं ऱ्हायलंच न्हाई. लोकांचं झालं." मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी शेजारी होता. नाव काय ऐकलंत?"

मी पायाकडे बघत होते. अक्का म्हणाली, "ती मुकी हाय. तिला काय इचारता."

मॅनेजर कागद चाळत राहिला. दादा उठता उठता म्हणाला, "बरं, अक्का, तुमचं मूळ गाव कुटलं हो? म्हंजे वडलांचं, आज्याचं?" आवाज अगदी साधा होता. तिचा स्वतःचा पहिला प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. अक्कानं पदर ओढून घेतला आणि ती दाराकडे वळली.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते. शेफाली म्हणत होती तेव्हा मला एक शब्द नावासारखा वाटला होता. अजूनही वाटतो. तो मी ह्या वहीतही लिहिणार नाही.

त्या आठवड्यात बाबू आणि शेफाली आलेच नाहीत. खोलीला कुलूप. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, पहाटेच गेले, सामान थोडंच होतं. कागद खोटे होते म्हणून गेले, की खरे असूनही भ्याले म्हणून गेले, की त्यांना कुणी जायला सांगितलं, मला आजही माहीत नाही. वहिनी म्हणाली, "बगितलंत? पळाली. म्हंजे होतंच काहीतरी."

अक्का टेबलावरून म्हणाली, "तुझ्या मागं चार कुत्री लागली तर तू थांबून तुझं कार्ड दाखवशील व्हय?"

त्यावर कुणी हसलं नाही. एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "ही पण तिकडचीच की." अक्काला ते ऐकू गेलं. तिचे कान फार तिखट होते.

दुपारी ती माझ्याजवळ आली. "मुके, लिही." पहिल्यांदाच ती सांगताना अडखळत होती, शब्द बदलत होती, खोडायला लावत होती.

आजी आली पायी पायी, पदरामंदी धोटा,
नाव सांग म्हणलं न्हाई, उघडला कुणी गोठा.
त्या गोठ्यात जलमली आई, त्याच गोठ्यात मी,
कुणाला आता बाहेर काढू, सांगा की हो तुमी.

मी विचारलं, "खरंच?" मी तिला विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

"व्हय. तेलुगू मुलखातनं आली, मागाचा धोटा तेवढा संगं. एका मराठ्याच्या घरचा गोठा. आजीला मराठी येत नव्हतं, त्यांना तेलुगू येत नव्हतं. आजीचं नाव त्यास्नी दोन वर्सानी कळलं, म्हणायची." मग तिचा मूळ स्वभाव जागा झाला. "वाच परत. बरूबर लिहिलंस का?"

हे गाणं तिनं जेवणाच्या सुट्टीत म्हणून दाखवलं. बायका डबे बंद करून उठल्या. मंगल तेवढी बसून राहिली. कुणी फोन वर केला नाही. अक्का मला म्हणाली, "तुझ्या फोनात घाल आणि पाठव." मी घातलं. माझ्या फोनात माणसं किती, माहेरची तीन आणि किराणावाला. पाठवलं की नाही ते ती रोज विचारायची. मी पाठवलं असं सांगितलं. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला, आणि मी पाठवलं नव्हतं. मला भीती वाटली. माझा नवरा त्याच शेडमध्ये मागावर आहे.

पुढं सुपरवायझरनं तिला टेबलावरून उठवून दोरे कापायला खाली बसवलं. वय झालं, डोळ्यांना त्रास होतो, असं कारण सांगितलं. ती तीन महिने खाली बसली. कापायला आलेला प्रत्येक टॉवेल ती आधी उलटाच करायची, पण आता कुणाच्या मांडीवर टाकायची नाही. उखाणे विचारायला बायका येईनाशा झाल्या. फोनवर हवे तेवढे मिळतात, म्हणायच्या. एक दिवस ती आली नाही, आणि मग आलीच नाही.

मी तिला त्यानंतर एकदाच बघितलं. निवडणुकीचे दिवस होते. काम सुटल्यावर मी कोपऱ्यावर बससाठी उभी होते. प्रचाराची जीप सावकाश येत होती, वर कर्णे, आणि कर्ण्यांतून अक्काचा आवाज, ढोलकीसकट. चादरीला चार कोपरे. समोरच्या फुटपाथवरून अक्का येत होती, हातात भाजीची पिशवी. ती थांबली. मग पिशवी खाली ठेवून रस्त्यात उतरली आणि जीपच्या बाजूनं चालायला लागली, एक हात जीपच्या पत्र्यावर. तिचं तोंड हलत होतं. ती मोठ्यानं म्हणत असणार, कारण मानेच्या शिरा दिसत होत्या, पण वरून तिचाच आवाज पडत होता आणि खालचं काही ऐकू येत नव्हतं. चहाच्या गाड्यावरचे लोक बघून हसले. म्हातारीला गाणं पाठ आहे, म्हणाले. जीपवाल्यानं तिला कौतुकानं हात जोडले.

पण मी ते गाणं माझ्या हातानं लिहिलं होतं. तिच्या ओठांवरून मला कळत होतं. ती दुसरं म्हणत होती. पदरामंदी धोटा. उघडला कुणी गोठा. जीपचा वेग वाढला तशी तीही भराभर पाय उचलायला लागली. जीप वळली तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती. चौथी तिनं रस्त्याच्या मधोमध उभी राहून, जीप गेली त्या बाजूला बघत पुरी केली.

मग ती वळली. भाजीची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून बस थांब्याकडे, मी होते तिकडे, यायला लागली. थांब्यावर आमच्या हॉलच्या चार बायका होत्या. वहिनी होती.

मी मान खाली घातली आणि माझ्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले.